पत्र्यावरचा दगड

वसमत तालुक्यातल्या हट्टा गावी जुन्या घरांच्या आळीतून जाताना मान जरा वर केली की तो दिसतोच. काळा, ओबडधोबड, दहा-पंधरा किलोंचा, एका अंगाला जुन्या मातीचा थर अजून चिकटलेला. तो एकटा कधी नसतो. पत्र्याच्या कडेकडेने आणि आढ्याच्या ओळीने त्याचे भाऊबंद बसलेले असतात. सोबतीला जात्याची फुटकी तळी, मोटारसायकलचं टायर, मोडक्या बाजेची चौकट. जे घरात नको झालं पण टाकवत नाही, ते सगळं शेवटी पत्र्यावर चढतं. तरी तिथला मान दगडाचाच, कारण तो मूळचा त्याच घरचा.

त्याचं आधीचं आयुष्य भिंतीत गेलं. वसमत तालुक्यातली जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर कड्या आणि सगळ्यांत वर मातीचा थर. मृग निघण्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. यासाठी गवंड्याला कुणी बोलावत नसे, घरचीच माणसं पाट्या वर चढवत. पण दर साली माती वर जायची आणि जुनी खाली यायची नाही. गळती थांबली म्हणून सगळे खूश असायचे आणि डोक्यावरचं ओझं वाढत राहायचं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. गणपती विसर्जनाची ती रात्र. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच भिंती आणि अशीच माळवदं अंगावर येऊन. किल्लारी हट्ट्यापासून शंभरावर किलोमीटर दूर, पण माळवदाखाली झोपणाऱ्याला हे अंतर कुठे पुरतं? पुढच्या वर्षांत काही भीतीने, काही वाळवीने, काही गळतीला कंटाळून माळवदं उतरत गेली. ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला, बाकीच्यांनी भिंती उतरवून थोड्या बुटक्या केल्या आणि वर पत्रे टाकले. भिंतीतून निघालेले दगड अंगणात पडून होते. पत्रे उडू नयेत म्हणून तेच वर गेले. ज्या वजनाच्या धसक्याने माळवद खाली आलं, त्यातलं थोडं पुन्हा वर चढलं ते असं. आणि माळवदाला निदान तुळयांचा आधार होता. या दगडाला कशाचाच नाही.

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचा हिशेब होतो. पत्र्यावरचा दगड हा हिशेब कधीच न झालेला सालगडी. ऊन-पाऊस-गारा सगळं अंगावर घेतो, मागत काही नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. वानरांची टोळी आली की तो जागचा हलतो, कधी कडेला येऊन थांबतो. खालून कुणी ओरडलं तर पोरगं शिडी लावून त्याला पुन्हा मध्ये सरकवतं. तेवढीच त्याची विचारपूस.

पण त्याचं काम तपासून पाहिलं तर तो वाटतो तेवढा कामाचा नाही. वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही. छपरावरून जोरात जाताना तो पत्रा वर ओढतो, आणि दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ चौरस मीटरला 17 किलोंच्या आसपास भरते, म्हणजे दहा बाय तीन फुटांच्या एका पत्र्यावर जवळपास 48 किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-एक किलो, वरचे दोन दगड पंचवीस किलो. बेरीज करा, वारा जिंकतो. ताशी 100 किलोमीटरला हीच ओढ 130 किलोंवर जाते. वैशाखातल्या वळवात पत्रा उडतो तेव्हा दगड त्याला धरून ठेवत नाही, उलट त्याच्यासोबत शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

दुसरा दोष त्याहून गुपचूप. दगडाखाली धूळ साचते, धुळीत ओल राहते, ओलीने जस्त खाल्लं जातं आणि बरोबर त्याच्या बुडाखाली गंजून भोक पडतं. मग गळतं. गळतं म्हणून त्यावर प्लास्टिकचा तुकडा घालायचा. तुकडा उडू नये म्हणून त्यावर काय ठेवायचं, ते सांगायला नकोच.

21 मार्च 2024च्या सकाळी सहानंतर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने हिंगोली जिल्ह्यात दोन धक्के बसले, पहिला 4.5 रिश्टरचा, दुसरा 3.6चा. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5. वसमत तालुक्यातल्याच पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतले आवाज आधीपासून ओळखीचे होते, पण मार्चच्या सकाळी सगळेच घराबाहेर आले. तेव्हा प्रशासनाने जे आवाहन केलं, त्यात हा दगड सरकारी भाषेत आला: पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन रास्तच होतं. नऊ फुटांवरून सुटलेला दगड जमिनीला पोचेपर्यंत ताशी सव्वीस किलोमीटरचा वेग घेतो, आणि धक्का बसताच माणूस दाराकडे, म्हणजे नेमका पत्र्याच्या कडेखालीच धावतो.

आमच्या आळीतल्या एका काकूंनी मात्र त्यावर जो प्रश्न विचारला, त्याला आवाहनात उत्तर नव्हतं. "दगड काढा म्हनतेत. काढते की. मंग वारं सुटल्यावर पत्रं धरायला कोन येनार, बाप्पा?"

काकूंचं खरं आहे. नुसता दगड उतरवून भागत नाही, त्याचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं. हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. खाली लोखंडी पाईप असेल तर आकडीचे बोल्ट, लाकडी बल्ली असेल तर पत्र्याचे लांब स्क्रू, आणि प्रत्येकाखाली डांबरी किंवा रबरी वायसर. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावरच पाडायचं, खोलगटात पाडलं की पाणी तिथूनच आत येतं. मधे थोडे कमी बोल्ट चालतील, पण कडा, कोपरे आणि आढं इथे हात आखडू नये, कारण वारा पत्रा तिथूनच उचलायला लागतो.

इथवर बहुतेक जण करतात आणि थांबतात. पण मातीच्या भिंतीवर बल्ली नुसती टेकवलेली असेल, तर पत्रा बल्लीला कितीही आवळा, मोठ्या वाऱ्यात दोघं मिळून उठतील. म्हणून बल्लीला जाड तारेचा फास घालून ती तार भिंतीत दोन-तीन फूट खाली आरपार न्यायची, आणि पलीकडून सळईच्या तुकड्याला आवळायची. म्हणजे छपराला भिंतीचंच वजन धरून ठेवतं. भिंत फुगलेली किंवा चिरलेली असेल तर मात्र तिला हात लावण्याआधी जाणता गवंडी दाखवावा, तिथे घरगुती हुशारी नको.

उतरवलेल्या दगडाचं काय करायचं, हा प्रश्न खेड्यात पडत नाही. न्हाणीपुढे चिखल असतो, तिथे तो फरशीसारखा बसतो. ओसरीची पायरी खचलेली असते. भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी मुरून माती सुटत असते, तिथे त्याचं जोतं बांधलं तर भिंतीचं आयुष्य वाढतं. वजन हा त्याचा गुण आहे, पण तो जमिनीवरचा.

तेव्हा हे काम पाडवा ते अक्षय्य तृतीया एवढ्यात उरकून घ्या, वळीव त्याच्या मागोमाग येतो. सकाळी पत्रा तापायच्या आत चढा. छपरावरून जाणारी विजेची वायर आधी बंद करवून घ्या. पाय पत्र्याच्या मधोमध न देता बल्लीच्या ओळीवर, बोल्टांच्या रेघेवर द्या. पत्रे आवळून झाल्यावरच दगड उतरवा, आणि ते वरून टाकू नका. खाली माणूस उभा करून पाटीत घालून दोराने सोडा.