मुलांची पट्टी

कॉटन ग्रीन स्टेशनातून काळाचौकीकडे चालू लागलं की आधी कानावर येतात ते ट्रकचे आवाज. कुलाब्याचा कापूस बाजार गेल्या शतकात इथल्या भरावाच्या जमिनीवर आला. त्याच्याबरोबर गोदामं आली, मालगाड्या आल्या, हमालांच्या हाका आल्या. आजूबाजूच्या गिरण्यांचे भोंगे 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडले, पण हा परिसर गप्प असा कधी झाला नाही. या सगळ्या गलक्यात एखाद्या शाळेच्या खिडकीतून लहान मुलांचा 'सा' ऐकू येतो, तेव्हा माझी पावलं आपोआप थबकतात.

खरं तर तो एक 'सा' नसतोच. कुणाचा वर चढलेला, कुणाचा घसरलेला, कुणी नुसतंच ओरडतंय. बाई पेटीची एकच पट्टी दाबून धरतात. कुणाला रागावत नाहीत. थोड्या वेळानं एक मूल शेजारच्याचा आवाज ऐकतं आणि आपला आवाज किंचित सरकवून घेतं. मग दुसरं. दुसरीतल्या मुलाला 'दुसऱ्याचं ऐकून घे' हे कितीही सांगा, पटत नाही. इथे ते त्याच्या गळ्याला कळतं.

मात्र त्यासाठी पट्टी मुलांची हवी. पुरुष शिक्षकाला काळी एक सोयीची वाटते. त्या पट्टीत खालचे सूर आले की मुलांचे कोवळे आवाज दबतात, आणि दबले की ती ओरडून गातात. तेच गाणं काळी चारमध्ये घ्या, वर्गाचा चेहरामोहरा बदलतो. पट्टी गाणाऱ्यासाठी असते, वाजवणाऱ्यासाठी नव्हे.

आणि गॅदरिंगच्या तालमीत एखाद्या मुलाला सांगितलं जातं, 'तू नुसते ओठ हलव.' हे वाक्य ऐकलेली माणसं पन्नाशीतही आरतीला मागे उभी राहतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा सूर अजून स्थिरावायचा असतो. तो ऐकून आणि गाऊनच स्थिरावतो. त्याला गप्प बसवणं म्हणजे चालायला शिकणाऱ्याला बसवून ठेवणं.

ताल मुलांना लवकर येतो. दादऱ्याच्या सहा मात्रा, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. खालीला हात रिकामा जातो, पण मोजणी चुकत नाही. सुरुवातीला निम्मा वर्ग तिथेही टाळी वाजवतो आणि हसू फुटतं. न वाजवताही तालात राहायचं, हे त्या हसण्यातूनच अंगी लागतं.

लालबाग-परळची मुलं तशी कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाहीत. चाळीतल्या भजनी मंडळाचे टाळ, कोकणातून आलेली डबलबारी, गणपतीतले ढोल-ताशे त्यांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलेले असतात. याच कामगार वस्त्यांत अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचं लाल बावटा कलापथक गात फिरलं. शाहिरामागे झील धरणारे झीलकरी नसतील तर पोवाडा उभा राहत नाही. वर्गातली मुलं समूहगीत म्हणतात तेव्हा तीही झीलच धरत असतात.

पलुसकरांनी 1908 साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, भातखंड्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देणारी सुटसुटीत लिपी रूढ केली. गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर यावं, ही दोघांची तळमळ होती. पुढे वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र उभं करून एका सुरात गायला लावलं. त्या हजारांतल्या कितीजणांना गायक व्हायचं होतं? बहुतेकांना नसणार. तरी त्या दिवशी ती सगळी गायली.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना एकच विनंती. चाचणी जवळ आली की संगीताची तासिका गणिताच्या उजळणीला देऊ नका. कपाटात बंद पडलेली पेटी दुरुस्तीला द्या, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला गाऊ द्या, बेसूर गाणाऱ्याला तर आधी.