खाण तशी माती

खाण तशी माती. लहानपणापासून कानावरून गेलेली म्हण. गेले काही दिवस मात्र ती कानावरून जात नाही, आत येऊन बसली आहे. 'बाप तसा बेटा, कुंभार तसा लोटा' ही तिच्याच नात्यातली, पण तिचा मला त्रास होत नाही. कुंभाराला निदान हात आहेत, त्याला काही घडवता तरी येतं. खाणीच्या म्हणीत कुणी काही करावं अशी जागाच नाही.

मग मी खाणीच्याच मागे लागले. माझं माहेर रत्नागिरीकडचं. घरामागच्या कातळावर चिरेखाण होती. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ असतो, सहज तासता येतो. बाहेर काढून ऊन-वाऱ्यात ठेवला की हळूहळू कठीण होत जातो. त्यामुळे काढलेले चिरे आधी उघड्यावर रचून ठेवत आणि मगच बांधकामाला घेत. म्हणजे दगडाला त्याचा टणकपणा खाण देत नाही, बाहेरची हवा देते. हे आठवलं तेव्हा म्हणीला उत्तर सापडलं असं मला मनापासून वाटलं. पण ते दिवसभरसुद्धा टिकलं नाही. आमच्या पडवीच्या भिंतीचा गिलावा निघाला होता, तिथे आतून दिसायचा तो रंग खाणीचाच होता. इतक्या वर्षांच्या हवेने तो बदलला नव्हता.

म्हण मनात बसली ती आम्ही दत्तक घेतलेल्या लेकीच्या एका सवयीमुळे. ती झोपण्याआधी स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरते आणि हळूहळू चोळत राहते. तंद्री लागली की बोटं थांबतात. जाग आली की पुन्हा सुरू. आमच्या दोघांच्या घरांत ही सवय कुणालाच नाही. मग कुणाची? जिने तिला जन्म दिला तिची असेल. किंवा संस्थेतल्या एखाद्या मावशीची, रात्रपाळीला पाळण्यांमधून फिरताना एकेकीचा कान कुरवाळून झोपवणारी. ही दुसरी शक्यता मला बरेच दिवस सुचलीच नव्हती. खाण आणि मी, एवढाच हिशेब मी मांडत होते. मधल्या हातांना त्यात जागा नव्हती.

पुण्याहून न्यू जर्सीत आली तेव्हा ती मला मावशीच म्हणायची. तिच्या जगात जेवू घालणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या सगळ्या मावश्याच होत्या. मी ओ द्यायचे. नवऱ्याजवळ जायला तिला फार वेळ लागला. पुरुष तिने फारसे पाहिलेलेच नव्हते. तिचे दिवस-रात्र उलटे झाले होते. मध्यरात्री ती टक्क जागी असायची, मुठीत पोळीचा तुकडा. अंथरुणाच्या कडेला, उशीखाली असे तुकडे सापडायचे, वाळून कडक झालेले. हातातला काढून घेतला तर रडायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मी काढून घेणं सोडून दिलं. 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा या कागदांची वाट पाहताना मी ज्या आईपणाची तयारी केली होती, त्यात हे बघणं कुठेच नव्हतं.

तिच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात माझं नाव आहे. दत्तक झाल्यावर दाखला असाच निघतो, कायद्यानेच. तारीख तिची, गाव तिचं आणि आई मी, त्या तारखेला सातासमुद्रापार ऑफिसात बसलेली. मी या कागदाला जपते, आणि त्याच्याकडे पाहिलं की माझ्या पोटात काहीतरी हलतं.

हल्ली मी यशवंतचा फार विचार करते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला, त्याला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत. 1887 मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून मिळकत त्याच्या नावे केली, पण एक अट घातली: तो नीट निघाला नाही, वाईट वळणाला लागला, तर दुसऱ्या लायक मुलाला वारस करावं. ही अट मला टोचते. जन्मावरून माणूस तोलू नये यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या मनातही खाणीची शंका होती का? की उलट, मुलगा आहे एवढ्यावर कुणी वारस होत नाही, आपल्या वागण्याने होतो, असंच त्यांना म्हणायचं होतं? पोटचा असता तर त्यालाही हीच अट घातली असती? एके दिवशी मला हो वाटतं, दुसऱ्या दिवशी वाटत नाही. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं दत्तक मुलाने धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं. यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात मायलेकांनी रुग्णांची सेवा केली, आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. हे सगळं मी पुन्हा पुन्हा वाचते. त्याला जन्म देणारी मात्र काशीबाई एवढ्या नावापुरती येते आणि पुढच्या पानांवर दिसत नाही.

आताचा कायदा मूल सुपूर्द करणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस देतो. माझ्या लेकीच्या फायलीतही सुपूर्द केल्याचीच नोंद आहे. म्हणजे ते साठ दिवस कुणीतरी काढले. संस्थेच्या रस्त्यापर्यंत येऊन ती परत गेली असेल का? की तिला येऊच दिलं नसेल? ती आली असती तर हे घर, कानाची पाळी चोळणारी ही बोटं, काहीच माझं नसतं. तिने यायला हवं होतं असं म्हणण्याची माझ्यात ताकद नाही. आली नाही ते बरं झालं, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

लेकीला पुढे आपली मुळं शोधायची झाली तर अठरा पूर्ण झाल्यावर ती एकटी अर्ज करू शकते; त्याआधी करायचा तर आम्हाला तिच्याबरोबर करावा लागतो. आणि जन्मदात्रीने गुप्तता मागितली असेल तर ती पाळली जाते. लेकीने विचारलं की अर्जावर लगेच सही करायची, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. ही म्हण मनात बसल्यापासून मला कळेनासं झालंय, की ती सही मी लेकीसाठी करेन, की ती पाळी चोळायची सवय कुणाची हे एकदाचं मला कळावं म्हणून. आणि मला कळावं यासाठी असेल, तर तिने विचारायच्या आधी मी तिला किती सांगावं?