गाईचा ढेकर

ढेकर हा आपल्याकडे कधीच अपराध मानला गेला नाही. यजमानाने आग्रह करकरून वाढावे, पाहुण्याने ‘नको, नको’ म्हणत जिलब्यांचा फडशा पाडावा आणि शेवटी तृप्तीचा ढेकर देऊन ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणावे, ही आपली रीत. त्यामुळे शास्त्रज्ञांनी गाईच्या ढेकरावर बोट ठेवले आहे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती चांगल्याच संतापल्या. “आता मुक्या जनावराने ढेकरही देऊ नये वाटतं?”

सवाल रास्त आहे. पण शास्त्रज्ञही खोटे बोलत नाहीत. गाई-म्हशींच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक भला मोठा रांजणच. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू गवत-कडबा आंबवीत असतात. आपल्याला न पचणाऱ्या काडीचे दूध होते ते त्यांच्याच कृपेने. या खटाटोपात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि ढेकरावाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता कोंडून धरतो. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात गाई-बैल १९ कोटींवर आणि म्हशी ११ कोटींच्या आसपास भरल्या. आता ढेकर किती, ते वाचकांनीच मोजावे!

न्यूझीलंडात २००३ साली या ढेकरांपायी पट्टी बसवायचे घाटले, तेव्हा शेतकऱ्यांच्या मोर्चातला एक ट्रॅक्टर थेट पार्लमेंटच्या पायऱ्या चढला. पट्टी बारगळली. डेन्मार्कने मात्र २०३० पासून कर घ्यायचे २०२४ साली ठरवले.

आपल्याकडे असा कर बसवायचा कुणावर? दोन म्हशींच्या दुधावर मुलांची शाळा भागवणाऱ्या बाईवर? शिवाय आपल्याकडची गोम निराळीच आहे. अर्धपोटी गाय आधी स्वतःचा जीव जगवते. दूध त्यातून उरेल तेवढे. नुसत्या वाळल्या कडब्यावर ढेकर काही थांबत नाहीत, दूध मात्र तांब्याभर. तिलाच हिरवा चारा, पेंड, क्षार आणि वेळेवर औषधपाणी मिळाले, की दूध वाढते, लिटरमागे वायू घटतो आणि तेवढेच दूध कमी जनावरांत निघते. म्हणजे पृथ्वीला महाग पडतो तो उपाशी गाईचा ढेकर. तृप्त गाईचा त्यामानाने स्वस्तच!

पण पेंडीला पैसे पडतात. वसुबारसेला गाय-वासराला घास भरवणारे आपण शहरवासी, दूध दोन रुपयांनी चढले की कपाळाला आठ्या घालतो. यापुढे दर वाढेल तेव्हा कुरकुर जरूर करावी. मात्र ते दोन रुपये गोठ्यातल्या पेंडीपर्यंत पोचतात, की वाटेतच आटतात, हेही एकदा खडसावून विचारावे.