अंतराळात खालचं गाव नसतं

अंतराळवीर किती उंच गेला, किती वेगाने गेला, वरून त्याला आपला देश कसा दिसला, हे सगळं वर्तमानपत्रांत छापून येतं. पण वर गेल्यावर तो संडासला कुठे जातो, हे लहान मुलांशिवाय कुणी विचारत नाही. मोठ्यांना लाज वाटते. खरं तर घराची पारख मोरीवरून आणि संडासावरून होते. मग ते घर दौंड तालुक्यातल्या आमच्या राहूला असो, नाही तर जमिनीपासून चारशे किलोमीटर वर असो.

जून २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि १८ दिवस तिथे राहिले. तेव्हा माझ्या सातवीतल्या नातीने हाच प्रश्न घरात टाकला. बाकीचे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी शहरात ड्रेनेज खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. लोकांची घाण जाते कुठे, यावरच माझं पोट चाललं. म्हणून या विषयावर मिळेल ते वाचलं. ते वाचकांनाही सांगावंसं वाटलं.

आपला संडास चालतो तो पडण्यावर. मैला खाली पडतो, वरून पाणी टाकलं की वाहून जातो. लाईनला ढाळ नीट असला म्हणजे काम झालं. वर स्थानकात पडणं ही गोष्टच नाही. वस्तू सोडली तर ती जागच्या जागी तरंगते. तिथे पाण्याने काम भागत नाही, म्हणून हवेने भागवतात. पंखा हवा आत ओढतो आणि हवेबरोबर सगळं आत जातं. लघवीसाठी नळी असते आणि तिला नरसाळं लावतात. शौचासाठी लहान तोंडाचं भांडं. त्यात पिशवी बसवलेली. बसताना पाय अडकवून ठेवायचे, नाही तर माणूसच वर तरंगायचा! झालं की पिशवी बंद करून आत ढकलायची आणि पुढच्या माणसासाठी नवी लावून ठेवायची. भरलेले डबे कचऱ्याबरोबर मालवाहू यानात घालतात. ते यान परत येताना वातावरणात जळून खाक होतं.

लघवी मात्र फेकत नाहीत. ती, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून, शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. २००९ पासून तिथे हे पाणी पिण्यात आहे. यातलं ९८ टक्के पाणी परत मिळतं, असं नासाने २०२३ साली जाहीर केलं.

हे एका दिवसात जमलं नाही. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेचा पहिला अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड निघाला, तेव्हा प्रवास पंधरा मिनिटांचा म्हणून लघवीची सोयच केली नव्हती. उड्डाण लांबलं, तो यानात तासन् तास अडकला आणि शेवटी त्याला पोशाखातच करावी लागली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत तर नुसत्या पिशव्या होत्या. त्या अंगाला चिकटवायच्या आणि नंतर जंतुनाशक घालून बाहेरून हाताने मळायच्या. मे १९६९ मध्ये अपोलो १० यानात एक लेंडी तरंगत फिरताना दिसली. तिघेही म्हणाले, ती माझी नव्हे! त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. पण कुणाचीही असो, ती धरावी लागली त्या तिघांतल्याच एकाला. हाक मारायला चौथा होताच कोण?

आंघोळीचंही तसंच. पाणी अंगावरून ओघळत नाही, गोळा होऊन चिकटून बसतं. म्हणून ओल्या टॉवेलने अंग पुसतात. डोक्याला धुवावा न लागणारा शाम्पू लावतात. दात घासल्यावर पेस्ट गिळतात, नाही तर कपड्यात थुंकतात. कपडे धुतच नाहीत. बरेच दिवस अंगावर वापरतात आणि मग टाकून देतात.

हे वाचताना मला माझी आई आठवली. दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. परसाकडे जायचं ते पहाटे तांबडं फुटायच्या आत, नाही तर अंधार पडल्यावर. मधल्या वेळी कळ काढायची. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर ती पाणी पीत नसे. उड्डाणाआधी अंतराळवीरांनाही चोथा कमी असलेलं जेवण देत, शौचाला उशिरा लागावी म्हणून. कळ दोघांनीही काढली. पण अंतराळवीरासाठी इंजिनिअर बसले, प्रयोग झाले, पैसा ओतला गेला. बाईमाणसाचा विचार तिथेही उशिराच झाला. १९८३ साली सॅली राइड ही बाई सहा दिवसांसाठी जाणार होती. पाळीत वापरायचे कापसाचे बोळे शंभर दिले तर पुरतील का, असं तिला इंजिनिअरांनी विचारलं होतं! पुढे २०२० साली स्थानकावर नवा संडास पाठवला. त्यात बायकांची सोय पाहिलेली होती. त्याला खर्च आला २ कोटी ३० लाख डॉलर. माझ्या आईच्या वाट्याला टमरेल आलं आणि उसाचा आडोसा आला.

आता नातीचा दुसरा प्रश्न. ‘आजोबा, तिथला संडास धुतं कोण?’

वाचकहो, सगळी गोम इथेच आहे. तिथे डॉक्टर असतात, वैमानिक असतात, शास्त्रज्ञ असतात. सफाई कामगार नसतो. आठवड्याची साफसफाई सगळे मिळून करतात. २००८ च्या मे महिन्यात तिथला संडास बिघडला. पृथ्वीवरून पंप नेला आणि तो बसवला ओलेग कोनोनेन्को या रशियन अंतराळवीराने. त्याच्या मानाला काही धक्का लागला नाही. हे काम अमक्याच्या घरात जन्मलेल्यानेच करायचं, असं तिथे कुणी म्हणत नाही.

अंतराळवीर यानाबाहेर कामाला जातो तेव्हा अंगात पोशाख, पाठीवर प्राणवायू, कमरेला दोर, बरोबर जोडीदार आणि कानात सतत बोलणारा माणूस असतो. आम्ही चेंबरमध्ये उतरायचो तेव्हा यातला फक्त दोर होता. चेंबरमध्ये सडक्या अंड्याचा वास येतो. पण गॅस वाढला की तो वाससुद्धा कळेनासा होतो, आणि खरा धोका तिथे असतो. माझ्याबरोबरचा एक जण उतरला तो परत बोलला नाही. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. आपल्या घरातल्या कुणाला मुकादम ‘जरा उतर’ म्हणाला, तर त्याने ‘नाही’ म्हणावं. कायदा त्याच्या बाजूला आहे.

आमच्या राहू बेटाच्या एका अंगाला मुळा-मुठा आणि दुसऱ्या अंगाला भीमा. पुढे रांजणगाव सांडसजवळ त्या एकमेकींना मिळतात. वरच्या शहरातलं सांडपाणी मुळा-मुठेतून आमच्या शिवारात येतं, जलपर्णी घेऊन येतं. शहरात मी जी लाईन मोकळी करायचो, तिचं पाणी शेवटी माझ्याच गावाकडे निघालेलं असायचं. कारण जमिनीवर प्रत्येक शहराला एक खालचं गाव असतं आणि प्रत्येक वस्तीला एक खालची आळी असते. आपली घाण तिकडे सोडली की माणूस निश्चिंत होतो. अंतराळात खालचं गाव नाही, म्हणून तिथल्या माणसाला अक्कल चालवावी लागली.

ती अक्कल जमिनीवरही चालते. आपल्याच जिल्ह्यात देहूला १९५९ साली डॉ. सुहास मापुस्कर आले. त्यांनी लोकांना संडास बांधायला लावले आणि मैल्यापासून बायोगॅस करून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तेव्हा दोन गोष्टी आजपासून करू या. घरातला संडास पाळीपाळीने सगळ्यांनी धुवायचा, मुलग्यांनीही. एकट्या आईवर किंवा सुनेवर ते काम टाकायचं नाही. आणि ग्रामसभेला गेलो की एक प्रश्न विचारायचा, ‘आपली घाण जाते कुठे, आणि तिला हात कोण लावतं?’ उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही.