तेरीज जुळेपर्यंत

जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. आपल्याकडे त्यांना विकास सोसायटी म्हणतात. एका जिल्ह्यातल्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आली. हाती पडलेल्या वेळापत्रकात यंत्रं पोहोचवणं, प्रशिक्षण, माहिती भरणं आणि ‘गो-लाइव्ह’ असे टप्पे होते. सोसायटीचं वर्ष मात्र त्यात कुठेच नव्हतं.

मार्चअखेर वसुली. बिनव्याजी पीककर्जाचा लाभ मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळे त्या दिवसांत सचिवाला मान वर करायची सोय नसते. लगेच खरिपाचं कर्जवाटप. लेखापरीक्षण होऊन पक्क्या शिल्लका मिळतात त्या त्यानंतर. म्हणून माहिती भरण्याचं काम मी जुलैपासून धरलं. वरून तगादा होताच. बैठकीत एकाच कर्जखात्याचं व्याज कच्च्या आणि पक्क्या शिल्लकेवर काढून दाखवलं, तेव्हा मुदत मिळाली.

दुसरा बदल केला तो तुकड्यांचा. कागदावर तुकड्या तालुकावार होत्या. पण एका गटसचिवाकडे तीन-चार सोसायट्या असतात. सगळ्या एकदम सुरू केल्या तर तो माणूस कोलमडणार. मी आखणी सचिववार केली: त्याची एक सोसायटी पुरी झाली, की मगच पुढची.

खरी कसोटी लागली ती ‘काम झालं’ कशाला म्हणायचं इथे. संगणकाच्या पडद्यावर हिरव्या खुणा भराभर वाढत होत्या, आणि सोसायटीत गेलं की सचिव कीर्द हातानेच लिहीत बसलेले. एका ज्येष्ठ सचिवांनी माझ्यापुढे खतावणी उघडून ठेवली. एकच सभासद शेअर्सच्या रजिस्टरात वडिलांच्या नावासह, कर्जखात्यात नुसत्या टोपणनावाने. पुढच्या पानावर वारलेल्या सभासदाचं खातं, वारसनोंद नाही. “मॅडम, तेरीज जुळू द्या. मग तुमचं मशिन म्हणेल ते मी मानतो,” ते म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात व्याख्या एकच ठेवली: हाताची आणि संगणकाची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा, सलग महिनाभर पैशापर्यंत जुळली पाहिजे, आणि हाताची कीर्द बंद करत असल्याचं सचिवाने स्वतः सही करून दिलं पाहिजे. हिरव्या खुणा एकदम घटल्या. त्या घटलेल्या आकड्यावरच माझा विश्वास बसला.

अनिष्ट तफावतीचा प्रश्न याहून अवघड. सोसायटीला कर्ज देणाऱ्या जिल्हा बँकेचं सोसायटीकडे जेवढं येणं, तेवढं सोसायटीचं सभासदांकडे दिसतच नाही; मधली रक्कम वर्षानुवर्षं ताळेबंदात पुढे ओढली जाते. प्रणालीत शिल्लक भरताना ती लपत नाही. फरक सस्पेन्स खात्याला टाकून मोकळं व्हा, असं सुचवणारे होते. मी नकार दिला. ते पैसे बऱ्याचदा कुठल्या तरी शेतकऱ्याच्या नावावर चुकीचे पडलेले असतात किंवा कुणाच्या तरी नावावरून गळलेले असतात, आणि ते शोधायची वेळ हीच असते.

काही सोसायट्यांत जुन्या पावत्या काढून फरक सापडला. उरलेल्या सोसायट्या माझ्या तक्त्यात ‘अपूर्ण’ आहेत. संचालक मंडळ आणि बँक बसून तफावतीचा निर्णय करत नाहीत, तोवर तो शेरा मी बदलणार नाही.