परदादांची तीन घरं

अब्बांच्या इंतकालानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. भाईजाननी जुन्या कागदांची पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. “हे सगळं उर्दूत आहे. माझं शिक्षण मराठीतून झालं. तूच वाच.” सोबत माझ्या सहीसाठी तयार ठेवलेलं हक्कसोडपत्र होतं. ते मराठीत होतं, त्यामुळे वाचायला कुणाची मदत लागणार नव्हती.

मी परभणीला उर्दू आणि मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत हिंगोलीला माहेरी आले होते. “सही नंतर बघू,” म्हटलं, “आधी परदादांची घरं शोधू.”

आमचे परदादा इंग्रजांच्या काळात हिंगोलीच्या छावणीत होते. रिसालदार होते, स्वतःचा घोडा होता, मोठी हवेली होती, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

हिंगोलीच्या मोहल्ल्यांची नावं म्हणजे त्या छावणीचा नकाशाच आहे. पलटन, तोफखाना, रिसाला बाजार, सदर बाजार, पेन्शनपुरा. ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. याच खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेलं. 1903 मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली. पलटणी गेल्या, नावं राहिली.

पहिलं घर रिसाला बाजारच्या बाजूचं. पेटीत फौजेतून निवृत्त झाल्याचा कागद निघाला, अर्धा इंग्रजी, अर्धा उर्दू. त्यात रिसालदार हा शब्द कुठेच नव्हता. ‘बारगीर’ होता. कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. जो दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करायचा तो बारगीर. म्हणजे घोडा परदादांचा नव्हता. राहायला सरकारी लाइनीतली खोली, तीही नोकरी असेपर्यंत. अशा खोलीची नोंद महसुली कागदात कुठून मिळणार? मी रिसाला बाजारात फिरून आले. दुकानं, मोटारसायकली, शाळा सुटलेली मुलं. ते घर तेवढंच सापडलं.

दुसरं घर पेन्शनपुऱ्यातलं. त्याचं खरेदीखत होतं, फसली 1316 चं. निजामी कागद वाचताना एक हिशेब लक्षात ठेवावा: फसली सालात 590 मिळवले की ढोबळमानाने इसवी सन निघतं. म्हणजे 1906-07. पेन्शन सुरू झाल्यावर त्यांनी घर घेतलं. हवेली नव्हे, दोन खण आणि पुढे अंगण. खतात हुदूद-ए-अर्बा, म्हणजे चतुःसीमा दिली होती. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नालबंदाचं घर, उत्तरेला विहीर, दक्षिणेला मोकळी जागा.

कागद हातात घेऊन मी गल्ल्या पालथ्या घातल्या. लोखंडी जाळी टाकून बंद केलेली एक विहीर दिसली. तिच्या बाजूच्या ओट्यावर एक वृद्ध चाचा बसले होते. विचारलं, इथे कुणी नालबंद राहायचे का? ते हसले. “बेटी, आमचे आजोबाच घोड्यांना नाल मारायचे.” त्यांच्या पूर्वेला आता सिमेंटचं दुमजली घर आहे. त्या घरातल्या बाईंनी पाणी दिलं, आत बसवलं. आमचं तिथे काहीच राहिलेलं नाही, तरी मला परकं वाटलं नाही.

तिसरं ठिकाण कयाधूकाठच्या गावातलं. शेवटची वर्षं परदादा तिथे शेतावर राहिले. वीस एकर जमीन. त्यांच्या पश्चात झालेल्या विरासतीची नक्कल पेटीत होती, फसली 1341 ची, म्हणजे 1931-32. वारस तीन. दोन मुलगे, आठ-आठ एकर. त्याखाली ‘दुख्तर’, चार एकर. परदादी आधीच वारल्या होत्या, तेव्हा हिशेब अगदी चोख. सूरह निसामध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा सांगितला आहे, तसाच.

मी भाईजानना विचारलं, दादाजानना बहीण होती? त्यांनाही माहीत नव्हतं.

मग त्याच जमिनीचं खासरा पाहणी पत्रक काढलं. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात 1954 च्या या पत्रकाला फार महत्त्व आहे. त्यात दोनच नावं. दोघा भावांची, दहा-दहा एकर. मधल्या बावीस-तेवीस वर्षांत चार एकर आणि एक मुलगी दोन्ही नाहीशी झाली होती. हिबा नाही, विक्री नाही, हक्क सोडल्याचा एकही कागद पेटीत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या नानीला तेवढं आठवत होतं. “तिला वसमतला दिली होती. ईदला यायची. नंतर येईनाशी झाली.”

बारगिराचा रिसालदार झाला, दोन खणांची हवेली झाली. घरच्या आठवणीने सगळं वाढवून ठेवलं आणि एक माणूस मात्र गाळलं. ज्या परदादांची आम्ही बढाई मारत होतो, त्यांच्या पश्चात मुलीचा हिस्सा लागला होता. तो पुसला पुढच्या पिढीने, आणि आम्ही त्याच धान्यावर वाढलो.

त्या रात्री भाईजान फार बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच गाडी काढली. औंढ्यावरून वसमत. बाजारात हळदीचा वास भरून राहिला होता. चार ठिकाणी चौकशी केल्यावर त्या फुफीदादींच्या नातीचं घर सापडलं. साठीच्या पुढच्या बाई. आम्ही जमिनीचं सांगू लागलो, तर म्हणाल्या, “एकराचं नंतर बोलू. त्यात दादीचं नाव आहे ना? ते आधी वाचून दाखव.”

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पदराने डोळे पुसून चहा ठेवायला उठल्या.

आता आमच्याकडे दहातले सहा एकरच उरलेत. दुसरे दहा चुलत घराण्याकडे. चार एकरांपैकी दोन आमच्या बाजूने निघायला हवेत, असं भाईजान स्वतःच म्हणाले. मोजणीचा अर्ज दिला आहे. चुलत भावांशी बोलणं सुरू आहे. ते सोपं जाणार नाही.

बहिणींनो, घरात जुन्या उर्दू कागदांची पेटी असेल तर ती रद्दीत देऊ नका, कागद प्लास्टिकमध्येही गरम करून चिकटवू नका. फोटो काढून ठेवा आणि उर्दू वाचणाऱ्या एखाद्या मुलीला सोबत बसवा. नावं मोजताना मुलींची नावं वेगळी मोजा.

निघताना मी हक्कसोडपत्र मागितलं. भाईजान म्हणाले, “ते मी फाडलं.”