चाळिशीतला प्रेक्षक

खोताच्या वाडीत सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरे अडकवून माणसं येतात. बाहेरच्या अंगाला लाकडी जिने, पुढे ओसरी, रंगवलेले कठडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांनी विकलेल्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली ही घरं पाहून पाहुणे जागीच थबकतात. रोज कामाला निघणारा गिरगावकर मात्र त्याच जिन्याजवळून घड्याळ बघत पुढे जातो. त्याचा दोष नाही. रोजचं झालं की दिसेनासं होतं, आणि वय वाढतं तसं ‘रोजचं’ही वाढत जातं. चित्रपटाचा इतिहास शिकवताना हा विषय मला टाळताच येत नाही. भारतीय कथापटाचा उगमच एका थकल्याभागल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे डोळे पुन्हा विस्फारण्यात आहे. तेही याच गिरगावात.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा मांडला. प्लेगनं पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, स्वतःचा छापखाना, भागीदारांशी बेबनाव आणि अखेर त्याचाही त्याग. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करत, आडनावाची अक्षरं फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं. म्हणजे हातचलाखी, भिंगं, रसायनं, प्रतिमा कशी छापली जाते, सगळं ठाऊक असलेला माणूस. अशा माणसाला चकित करणं सोपं नसतं.

१९११च्या सुमारास हे फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरं हिंडत होती. भालचंद्रनं घरी येऊन आईला सांगितलं; कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी पुढे लिहिलं, की पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण भालचंद्रला गाळतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जादूगार बापाला जे नुसतं यंत्र वाटून गेलं असतं, ते शेजारी बसलेल्या पोरानं जिवंत जनावर म्हणून पाहिलं. घरच्यांना पटवण्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागलं, तेही त्याच्याच पायी.

पण फाळके तोंडात बोट घालून बसले नाहीत. खेळण्यातला सिनेमा आणला, रिळं आणली, रोज तासन्‌तास चित्रपट बघितले, इतके की दृष्टी गेली. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून फेब्रुवारी १९१२मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम शिकून आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला.

मग पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीतला वाटाणा!

त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रं सरकत. पडद्यावर मिनिटभर काही दिसायचं तर जवळजवळ हजार चित्रं हवीत. नेहमीच्या चित्रणात हँडल फिरवलं की ती आपोआप पडत जातात. इथे मात्र कॅमेरा हलू न देता, थोड्या थोड्या अवधीनं एकेक चित्र घ्यायचं, आणि हे महिनाभर. रोप आपल्या गतीनं वाढणार, माणसानं वाट बघायची. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर आली तेव्हा माती फोडून कोंब वर येताना, वेल चढताना दिसला. वाटाणा उगवतो हे कुणाला ठाऊक नव्हतं? ठाऊक असलेलं पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं, आणि पैसा घालणारा माणूस तयार झाला.

३ मे १९१३ला गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भालचंद्र त्यात रोहिदास होता.

माझं मन अडकतं ते १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये. त्याचा बराचसा भाग आज शिल्लक आहे. सुरुवातीलाच फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी साध्या वेशात समोर येते आणि चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक करून दाखवते: राग, हसू, रडू. मग तोच चेहरा पडद्यावर विरघळत कृष्ण होतो. ही आमची पोर, हे सोंग, अशी युक्ती उघड करून मग बाप गोष्ट सुरू करतो. जादूगार असं सहसा करत नाही. एवढं सांगूनही ती डोहात उडी घेते तेव्हा वर्गातली मोठी माणसं पुढे सरकून बसतात. हे मी दर वर्षी पाहतो. कसं केलं ते कळलं म्हणजे गंमत संपते, हा आपण मोठ्यांनी करून घेतलेला समज आहे, असं मला मनापासून वाटतं.

फाळक्यांचंही कुतूहल अखंड टिकलं असं नाही. पुढे आपल्या चित्रपट कंपनीतल्या भागीदारांशी पटेना, तेव्हा सिनेमा सोडून ते काशीला निघून गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं. काही काळानं नाशिकला परतले, पुन्हा कामाला लागले. १९३१मध्ये बोलपट आले आणि पडदा संवादांनी व गाण्यांनी भरून गेला. १९३७ साली कोल्हापुरात तयार झालेला त्यांचा ‘गंगावतरण’ आला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते, आणि बोलपटासाठी त्यांनी निवडलेली गोष्ट होती आकाशातून कोसळणाऱ्या नदीची आणि ती जटांत झेलणाऱ्या शंकराची.